शब्दार्थाच्या वहीबाहेरचं इंग्रजी

ऐरोलीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत मी एका बाईंना पत्र लिहिलं होतं. काम आरोग्य विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायचं. बाईंच्या अर्जात नवऱ्याला हॉस्पिटलात दाखल केल्याची तारीख एक होती आणि बिलावर दुसरीच. तारीख दुरुस्त करून अर्ज पुन्हा पाठवा, एवढंच कळवायचं होतं. मी लिहिलं, तुमचा क्लेम ‘स्प्यूरियस’ दिसतो. हा शब्द मला एका पुस्तिकेतून पाठ होता. बारावीनंतरच्या सुट्टीत ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये ती मिळाली होती. तीन हजार शब्द, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ. ‘स्प्यूरियस’पुढे छापलं होतं : खोटा, चुकीचा.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ‘मी खोटी बिलं जोडलीत, असं म्हणायचंय का तुम्हाला?’ एवढंच त्यांनी विचारलं. पत्र मुलीनं वाचून त्यांना अर्थ सांगितला होता. नवरा जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

इंग्रजीत चुकलेल्या तारखेला कुणी ‘स्प्यूरियस’ म्हणत नाही. पुस्तिकेतला ‘खोटा’ हा अर्थ चूक नव्हता, पण त्या खोटेपणाला फसवणुकीचा वास असतो, हे त्या रकान्यात मावलं नव्हतं. आपल्याकडच्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात हा शब्द येतो तो बनावट औषधांसाठी, दुसऱ्याच्या नावाचं लेबल लावून खपवलेल्या मालासाठी. एकदा जरी तो मला तशा एखाद्या बातमीत भेटला असता, तरी पत्र लिहिताना हात थबकला असता. मी माफी मागितली. त्यांनी ती मोठ्या मनानं स्वीकारली, दावाही पुढे मंजूर झाला. पण त्या दिवसापासून शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याच्या आपल्या पद्धतीवरचा माझा विश्वास उडाला, तो परत बसला नाही. गेली काही वर्षं रविवारी सकाळी मी ठाण्यातल्या एका अभ्यासिकेत मुलांसोबत इंग्रजी वाचते. तिथे जे पाहते आहे त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे : रोजच्या वापरापलीकडचे, वरच्या पायरीचे इंग्रजी शब्द यादीतून शिकवणं थांबवायला हवं. ते वाक्यात, उताऱ्यात, गोष्टीत भेटवायला हवेत. आणि हे एकट्या विद्यार्थ्यावर सोडून चालणार नाही. शाळा, क्लास आणि आपल्या महापालिकांच्या अभ्यासिका यांनी त्यासाठी बदलायला हवं.

गोखले रोडवरून राम मारुती रोडकडे चालत गेलं किंवा वाशी स्टेशनबाहेर जरा वेळ उभं राहिलं, की हातात एखादं पत्रक पडतंच. फाडफाड इंग्रजी, रोज दहा शब्द. हिशेब भुरळ घालणारा आहे. रोज दहा म्हणजे वर्षाला ३,६५०. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेला अंदाज असा, की इंग्रजी वृत्तपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं ओळखीची लागतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली त्याची रूपं. मग दहा गुणिले अडीच वर्षं, झालं काम! कळव्या-मुंब्र्याहून, दिघ्याहून येणारी, मराठी माध्यमातून शिकलेली मुलं या हिशेबावर विश्वास ठेवतात, कारण दुसरा हिशेब त्यांना कुणी दाखवलेलाच नसतो. पहाटे उठून घोकतात. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून फी भरलेली असते. त्यांच्या कष्टांबद्दल मला कमालीचा आदर आहे, आणि म्हणूनच ते कष्ट वाया जाताना बघवत नाही.

शब्द कसा शिकला जातो हे पाहायला आपल्याला इंग्रजीकडे जायचीसुद्धा गरज नाही. ‘लागणे’ हे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेड लागतं, रांग लागते. पाणी गोड लागतं. एखाद्याला घाटात बस लागते. डोळा लागतो. कोणत्या मराठी आईनं आपल्या लेकराला याची यादी पाठ करायला दिली? तरी चार वर्षांचं मूल यातले निम्मे प्रयोग बिनचूक करतं. आमच्या ऑफिसात चेन्नईहून आलेली एक मैत्रीण होती. मी एकदा म्हटलं, ‘काल गाडीत माझा डोळा लागला.’ तिनं काळजीनं माझ्या डोळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, डॉक्टरकडे गेलीस का? तिनं शब्दकोशातला पहिला अर्थ धरला होता, लागणे म्हणजे इजा होणे. पुढे दोन वर्षं आम्ही ट्रान्स-हार्बरनं ऐरोली ते ठाणे रोज एकत्र यायचो. तिकिटाला रांग लागलीय, आज फार भूक लागलीय, अमकीच्या मुलाला नोकरी लागली, असं आजूबाजूला ऐकत ऐकत तिचं ‘लागणे’ पक्कं झालं. एके संध्याकाळी गाडी सुटताच ती झोपून गेली आणि ठाण्याला उठल्यावर म्हणाली, ‘डोळा लागला गं.’ तिला कुणी शिकवलं नव्हतं. शब्द तिला दहा वेळा, दहा माणसांच्या तोंडून, दहा प्रसंगांत भेटला होता.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली हेच सूत्ररूपात सांगितलं : शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. माणसाबद्दल आपल्याकडे हे केव्हापासून म्हणतात. शब्दाची संगत म्हणजे त्याच्या मागेपुढे नेहमी कोण उभं असतं ते. पाऊस मुसळधार असतो, जंगल घनदाट, मैत्री दाट किंवा घट्ट. चहा कडक, ऊन कडक, शिस्तही कडक. पण कडक मैत्री किंवा घनदाट पाऊस म्हटलं, की कानाला खटकतं. इंग्रजीतही अगदी असंच आहे. ‘कॉज’ हा साधा शब्द, कारण होणे. पण इंग्रज भाषाशास्त्रज्ञ मायकेल स्टब्ज यांनी हजारो खऱ्या वाक्यांतून दाखवून दिलं, की या शब्दापुढे बहुतेक वेळा काहीतरी वाईट येतं : अपघात, आजार, नुकसान, त्रास. म्हणून तुमच्या येण्यानं आनंद ‘कॉज’ झाला असं लिहिलं, तर व्याकरण बरोबर असूनही वाचणारा अडखळतो. यादीत हे कुठे लिहिणार? शब्दाच्या उजवीकडच्या रकान्यात त्याचे शेजारी मावत नाहीत.

शब्दकोश रचणाऱ्यांनीही हाच मार्ग धरला होता. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. एवढी वर्षं गेली, कारण जेम्स मरे आणि त्यांचे सहकारी अर्थ मनानं लिहीत नव्हते. असंख्य स्वयंसेवक वाचक पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत, संपादक एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या मांडून बसत आणि वाक्यांवरून अर्थ ठरवत. आपल्याकडे मोल्सवर्थनंही १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात नुसते प्रतिशब्द दिले नाहीत, शब्दांसोबत वाक्प्रयोगही नोंदवले. १९८७ मध्ये बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांच्या चमूनं संगणकात साठवलेल्या खऱ्या मजकुरावरून शिकणाऱ्यांसाठी कोश केला, त्यात तर प्रत्येक अर्थच पूर्ण वाक्यात सांगितला. कोशकार वाक्यांकडून अर्थाकडे गेले. आपण मुलांच्या हाती फक्त शेवटचा तुकडा देतो, वाक्यं काढून घेतलेला.

एकच शब्द दोन ठिकाणी उलटा वागतो, तिथे तर यादी पारच हात टेकते. घोडबंदर रोडला घर घेणाऱ्या प्रत्येकाला ‘सँक्शन लेटर’ ठाऊक असतं. बँकेनं कर्ज मंजूर केलं, पेढे वाटायचे. तोच माणूस बातम्यांत वाचतो की अमेरिकेनं इराणवर ‘सँक्शन्स’ लादले, आणि तिथे अर्थ निर्बंध. मंजुरी आणि मनाई एकाच शब्दाच्या पोटात. ‘ओव्हरसाइट’चंही तसंच : कुठे देखरेख, कुठे नजरचुकीनं राहून गेलेली गोष्ट. ऑडिटच्या कागदांत हे दोन्ही अर्थ एका पानावर येऊ शकतात आणि कोणता कुठला हे आजूबाजूचं वाक्यच सांगतं.

गेल्या पावसाळ्याआधीचा एक रविवार सांगते. मी ठाणे खाडीवर एक दोनशे शब्दांचा इंग्रजी उतारा लिहून नेला होता. २०१५ साली खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक ‘रामसर’ यादीत गेला, ओहोटीला पक्षी काय करतात, कोळ्यांच्या मासेमारीचं काय झालं, असा साधा मजकूर. मुद्दाम चारच शब्द अनोळखी ठेवले होते : ‘मडफ्लॅट’, ‘सिल्ट’, ‘फोरेज’ आणि ‘ड्विंडल’. नियम एकच, पहिली पंधरा मिनिटं मोबाइल खिशात.

गटात चेंदणी कोळीवाड्यातली एक मुलगी आहे. बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षा देते, इंग्रजीत तोंड उघडायला घाबरते. ‘मडफ्लॅट’ तिनं दोन तुकडे करून लगेच सोडवला, चिखलाचा सपाट पट्टा. सिल्ट म्हणजे गाळ असणार म्हणाली, कारण वाक्यात लिहिलंय की तो नदीनाल्यांबरोबर येतो आणि खाली बसतो. मग ‘फोरेज’वर गाडी अडली. वाक्य होतं, ओहोटीला फ्लेमिंगो चिखलात ‘फोरेज’ करतात. एक मुलगा म्हणाला, चालतात. दुसरा म्हणाला, खातात. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ताई, ते मान उलटी करून चोच चिखलात घालतात आणि फिरवत राहतात. आम्ही होडीतून बघतो ना. तसं करणं असेल.’ मी म्हटलं, म्हणजे खाणंच ना? ती म्हणाली, ‘नुसतं खाणं नाही. शोधून शोधून खाणं. खाणं असतं तर ईट लिहिलं असतं ना तुम्ही.’

हा शेवटचा प्रश्न मला लाखमोलाचा वाटतो. लिहिणाऱ्यानं सोपा शब्द सोडून हा का घेतला, असं विचारायला लागलं, की शिकणारा शब्दाच्या अर्थापाशी न थांबता त्याच्या छटेपर्यंत पोचतो. वरच्या पायरीचे शब्द असतातच छटांसाठी. नाहीतर खाणं, जाणं, चांगलं, वाईट एवढ्यावर दुनियेचं भागलं असतं.

‘ड्विंडल’ला मजा आली. खाडीतली मासळी वर्षांमागून वर्षं ‘ड्विंडल’ होत गेली, असं वाक्य. सगळे म्हणाले, कमी झाली. बरोबरच, यादीतही तेच असतं. मी विचारलं, अर्थसंकल्पानंतर पेट्रोलचा भाव एका रात्रीत दोन रुपयांनी उतरला, तर तो ‘ड्विंडल’ झाला म्हणता येईल का? थोडी चुळबुळ झाली. मग तीच म्हणाली, ‘नाही. आजोबा म्हणतात, कोळंबी टोपल्यांनी मिळायची, मग कमी मिळायला लागली, मग अजून कमी. रोडावली.’

रोडावली! याहून नेमका प्रतिशब्द मला तरी सुचला नसता. हळूहळू बारीक होत जाणं, जवळजवळ संपायला येणं, हे सगळं त्या एका मराठी शब्दात आहे. तिला तो आजोबांकडून मिळाला होता. आणि इथेच मला आपल्या शिक्षणातली एक मोठी खंत बोलून दाखवायची आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला आपण वर्षानुवर्षं असं भासवलं की तुझी मराठी ही इंग्रजीच्या वाटेतली धोंड आहे. प्रत्यक्षात संदर्भावरून अर्थ ओळखायचं, छटा पकडायचं कसब त्याच्याकडे भरपूर आहे. फक्त ते मराठीत आहे. ओहोटी, रोडावणं, ओसरणं, विरणं, आटणं यांतला फरक ज्याला जाणवतो, त्याला इंग्रजीतल्या तशाच पाच शब्दांतला फरकही जाणवू शकतो. शब्दार्थाची वही त्याला हे कसब दाराबाहेर ठेवून यायला सांगते.

जुलैत त्याच मुलीनं मला एका इंग्रजी वृत्तपत्राचं कात्रण दाखवलं. येऊरच्या आदिवासी बाया पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुरडू अशा रानभाज्या आणून जांभळी नाक्याच्या बाजारात विकतात, त्याबद्दलचा मजकूर होता, आणि त्यात ‘फोरेज’ होता. तिनं वहीत ‘फोरेज’च्या पानावर पहिल्या वाक्याखाली हे दुसरं वाक्य उतरवलं होतं. खाली मराठीत लिहिलं होतं : पक्षीच नाही, माणसंही. रानातलं, न पेरलेलं. मग तिनं कोश उघडला. कोश शेवटी उघडायचा, आपला अंदाज तपासायला, हे आम्ही ठरवलेलं आहे. अंदाज कधी कधी साफ चुकतो आणि तेव्हा कोशच वाचवतो.

याद्यांची बाजू घेणारे माझे एक शिक्षक-मित्र आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, ज्याला दहापैकी चार शब्द अडतात त्याला कसला संदर्भ नि कसला अंदाज? बरोबर आहे. संशोधनही त्यांच्याच बाजूनं बोलतं. वीस शब्दांत एकापेक्षा जास्त अनोळखी असले, तर वाचणारा चाचपडतो. आरामात वाचायचं तर पन्नासात एकच अडावा. शिवाय १९९९ साली दोन डच संशोधकांनी वीस प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, त्यात वाचता वाचता सहज शिकल्या जाणाऱ्या अनोळखी शब्दांचं प्रमाण साधारण १५ टक्के निघालं. म्हणजे सहा-सात शब्दांतला एक. ही गती मंद आहे, हे मी नाकारत नाही.

पण यातून याद्यांचा विजय निघत नाही. निघतं ते असं, की सुरुवातीचे दोनेक हजार शब्द जरूर पाठ करून घ्यावेत, कार्ड करून घ्यावेत, घोकूनही घ्यावेत. खुर्ची, नदी, विकत घेणं, विसरणं यांत छटांची भानगड कमी. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश अमदानीत ढाक्याला शिकवत. आपल्यासारख्याच मुलांना इंग्रजी पुस्तक का पेलत नाही हे पाहून त्यांनी १९२० च्या दशकात वाचनमाला तयार केल्या. मोजके शब्द, नवे शब्द थोडे थोडे पेरलेले, आणि एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा येणारा. पुढे १९५३ साली साधारण दोन हजार अतिशय उपयोगी शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. यादी आणि वाचन यांचं भांडण नाही हे त्या माणसानं आपल्याच उपखंडात राहून दाखवलं होतं. यादी उंबरठ्यापर्यंत नेते. पुढचे सहा-सात हजार शब्द घरात शिरून राहिल्याशिवाय कळत नाहीत. आणि एका भेटीत १५ टक्केच पदरात पडत असेल, तर भेटी वाढवायला हव्यात. म्हणजे वाचायला भरपूर हवं, सोपं हवं, आवडीचं हवं. आपल्या मुलांना यातलं काय मिळतं? गाइड मिळतं.

‘पण परीक्षेत शब्दार्थ विचारतात ना,’ हा पुढचा मुद्दा पालकांकडून येतो. परीक्षा केव्हाच बदलल्या आहेत. परदेशी शिक्षणासाठीच्या ज्या जीआरई परीक्षेच्या नावानं शब्दांच्या जाडजूड याद्या आजही विकल्या जातात, तिनं विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्या ओळखण्याचे सुटे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्ये काढून टाकले. तिथे आता उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भराव्या लागतात. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेनं २०१६ मध्ये दुर्मिळ शब्दांचे प्रश्न बाजूला सारले आणि उताऱ्यात शब्दाचा अर्थ काय, हे विचारायला सुरुवात केली. आपल्या बँकांच्या परीक्षांत येणारी ‘क्लोज टेस्ट’ ही तर मुळातच संदर्भाची परीक्षा आहे. विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकानं १९५३ साली ती पद्धत काढली. उताऱ्यातले ठरावीक अंतरावरचे शब्द गाळायचे आणि वाचणाऱ्याला ते ओळखता येतात का पाहायचं. चेंदणीच्या त्या मुलीचे ‘क्लोज टेस्ट’मधले गुण दोन वर्षं जागचे हलत नव्हते. ती त्यासाठी आणखी शब्द पाठ करत होती. ताप उतरावा म्हणून पायाला मलम लावण्यातला प्रकार.

एक सावधगिरी मात्र मला सांगायला हवी, कारण संदर्भही फसवतो. नवी मुंबईच्या कोणत्याही ऑफिसात जा, मेलच्या शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट’ असतं, म्हणजे उत्तर द्या. हा अर्थ आपण सगळे संदर्भावरूनच शिकलो. बाहेरच्या इंग्रजीत ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणं, आणि आपला मेल वाचून लंडनचा माणूस चक्रावू शकतो. आपलं इंग्रजी चुकीचं, असं माझं म्हणणं नाही. भाषा जिथे राहते तिथली होते. पण एकाच ऑफिसच्या मेलांवर ज्याचं वाचन थांबलं, त्याला शब्दाची एकच बाजू दिसते. म्हणून बातम्या वाचायच्या, गोष्टी वाचायच्या, क्रिकेटचं वर्णन, औषधाच्या वेष्टणातला कागद, कोर्टाच्या निकालाची बातमी, सगळं वाचायचं. शब्द अनेक घरांत भेटला, की तो कुठे कसा वागतो ते कळतं.

आता शाळांकडे वळते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ज्या मुलांनी त्या जूनमध्ये पहिलीत पाऊल टाकलं ती आज तिशी ओलांडून गेली. ठाण्या-कळव्यातल्या कितीतरी मराठी शाळांत सेमी-इंग्रजी आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून. इतकं सगळं झालं, तरी धडा सुरू होताना फळ्यावर उभी रेघ मारून डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ लिहायची रीत तशीच राहिली. मूल धडा वाचायच्या आधीच अर्थ उतरवून घेतं. मग वाक्य वाचताना विचार करायचं काही कारणच उरत नाही. शिक्षकांना मी दोष देत नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, वर अहवाल आणि सर्वेक्षणं. पण एक छोटा बदल विनाखर्चाचा आहे : धडा आधी वाचू द्या, शब्दांचा अंदाज मुलांना मराठीत सांगू द्या, अर्थ फळ्यावर नंतर लिहा. चाचणीत ‘अर्थ लिहा’ ऐवजी ‘हा शब्द इथे का आला’ असा एक प्रश्न विचारा. त्याचं उत्तर मराठीत आलं तरी गुण द्या. मुलाला समजलं आहे की नाही हेच तर पाहायचं आहे.

आणि अभ्यासिका. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली उभं राहिलं. वाचनाच्या नावानं एकत्र यायची सव्वाशेहून अधिक वर्षांची सवय असलेलं हे शहर आहे. आज ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांतल्या अभ्यासिका तुडुंब भरलेल्या असतात, पहाटे जागा धरायला मुलं येतात, हे फार मोठं वैभव आहे. पण मुलं तिथे येतात ती खुर्ची, दिवा आणि शांतता यांसाठी. घरी दहा बाय दहाच्या खोलीत ते मिळत नाही. वाचायला स्वतःच्याच नोट्स आणतात. मी जिथे जाते तिथे भिंतीला चार कपाटं आहेत, तीन कुलूपबंद, आणि चौथ्यात जुने प्रश्नसंच. सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणारी इंग्रजी वाचनमालेची पुस्तकं एकही नाहीत. इंग्रजी वर्तमानपत्र एकच येतं, तेही पान वाटून वाचावं लागतं. वॉर्डाच्या निधीतून बाकडी आणि पेव्हर ब्लॉक येतात, तर शंभर पातळ पुस्तकं का येऊ नयेत? महापालिकेकडे आम्ही तसा लेखी अर्ज दिला आहे : प्रत्येक अभ्यासिकेत एक उघडं कपाट, दोन इंग्रजी वर्तमानपत्रं, आणि आठवड्यातून एकदा मोठ्यानं वाचायची परवानगी असलेली एक खोली. शब्द नुसता डोळ्यांनी भेटून भागत नाही, कानालाही भेटावा लागतो.

उत्तर यायचं तेव्हा येईल. तोवर व्यवस्थापकांनी एका कपाटाची किल्ली आमच्याकडे दिली आहे. रविवारी सकाळी दहा ते एक ते उघडं असतं. सध्या त्यात एकतीस पुस्तकं आहेत, बहुतेक इंग्रजी शाळांत शिकलेल्या मुलांच्या लहानपणीची. दुसरी-तिसरीच्या मुलांसाठीच्या गोष्टी बी.कॉम. झालेली मुलं वाचतात, आणि लाजत नाहीत, कारण पहिल्यांदाच त्यांचं एखादं इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून होतं. तुमच्या माळ्यावर अशी पुस्तकं पडून असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी तुमच्या जवळच्या अभ्यासिकेत विचारून पाहा. मुखपृष्ठ फाटलेलं चालेल. मुलानं पेन्सिलीनं समासात अर्थ लिहून ठेवले असतील, तर मात्र ते खोडून द्या.